रांजणातला पाटील

काही ग्रंथ वाचण्यापेक्षा उचलायलाच अधिक कष्ट पडतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९८८ साली प्रसिद्ध केलेला इनामगावच्या उत्खननाचा इंग्रजी अहवाल त्यांपैकीच एक. ढवळीकर, सांकलिया आणि अन्सारी अशी तीन नावे त्याच्यावर आहेत. आत नकाशे आहेत, कोष्टके आहेत, खापरांची रेखाचित्रे आहेत, धान्याच्या जळक्या दाण्यांची नोंद आहे, हाडांची मापे आहेत. चकली-चिवड्याची बशी शेजारी ठेवून असल्या ग्रंथावरचा लेख कोण वाचणार, ही शंका संपादकांनाही आली असेल. त्यांनी ती बोलून दाखवली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

मी पुरातत्त्वज्ञ नव्हे. कथा-कादंबऱ्या वाचाव्यात आणि त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत, एवढाच माझा धंदा. पण उत्खननाचा अहवाल हेही शेवटी एक कथनच असते. मातीतून निघालेल्या शेकडो मुक्या वस्तूंतून लेखक काही पुढे ठेवतो, काही मागे. कोठेतरी त्याला नायक सापडतो आणि शेवटी त्याला गावाचा अंतही सांगावा लागतो. तेव्हा कादंबरीला जे प्रश्न आपण विचारतो, तेच येथेही विचारायला हरकत नसावी: हा नायक खरा वाटतो काय? हा शेवट घटनांतून आला आहे की लेखकाने आणला आहे?

इनामगाव शिरूर तालुक्यात आहे. शिरूरलाच जुनी माणसे घोडनदी म्हणतात; त्या घोडनदीच्या काठाने पूर्वेकडे खाली आले की नदी भीमेला मिळायच्या अलीकडे, उजव्या तीरावर हे गाव लागते. दौंडकडूनही जाता येते. आज या भागात पाटाचे पाणी आहे, ऊस आहे, उसाबरोबर येणारा पैसा आणि भांडणेही आहेत. जुन्या वस्तीचे टेकाड गावापासून थोडे बाजूला, नदीच्या अंगाला आहे. खेड्यात वाढलेल्या वाचकाला 'काळी' आणि 'पांढरी' हे शब्द समजावून सांगायला नकोत. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती साठत जाते आणि जमिनीला पांढुरका रंग येतो. गाव उठून गेले तरी तो रंग उठत नाही. आपले शेतकरी अशा पांढरीची माती गाड्या भरभरून नेऊन शेतात पसरीत, कारण तिच्यात कस असतो. या खतापायी महाराष्ट्रातली किती जुनी गावे ज्वारीच्या ताटांत जिरून गेली, त्याची गणती कोणी केलेली नाही.

विद्वानांच्या अशा कामाला आपण 'मोहीम' म्हणतो. शब्द आपल्याला मोगल-मराठ्यांच्या झटापटींतून आलेला. दौंडच्या खाली भीमेच्या पलीकडच्या काठावर पेडगाव आहे. तेथला बहादूरगड म्हणजे मोगलांच्या दख्खनमोहिमांचा मोठा तळ. 'मोगल' हा शब्द मूळचा 'मंगोल'. बाबराच्या आईकडून चंगीझखानाशी नाते लागते, एवढ्या धाग्यावर तो शब्द आशियाच्या पठारावरून भीमेच्या काठापर्यंत आला आणि आमच्या भाषेत 'मोगलाई' होऊन बसला. मोहीम म्हणजे दुरून यावे, तळ द्यावा, हाती लागेल ते गाड्यांवर घालावे आणि परतावे.

गंमत अशी, की ज्ञानासाठी निघालेल्या मोहिमाही प्रारंभी याच वळणाच्या होत्या आणि त्यांचा उत्तम नमुना खुद्द मंगोलांच्या देशातच सापडतो. रशियन प्रवासी कोझलोव्ह याने १९०८-०९ साली गोबीच्या वाळूत गाडले गेलेले खारा-खोतो हे नगर उकरले आणि तेथली हजारो पुस्तके सेंट पीटर्सबर्गला नेली. पुढे १९२४-२५ साली त्यानेच नोइन-उला येथील हूण सरदारांची थडगी उघडली. त्यांतली लोकरीची नक्षीदार वस्त्रेही तिकडेच गेली. अमेरिकेचा अँड्र्यूज १९२२ पासून १९३० पर्यंत मोटारी आणि उंटांचे काफिले घेऊन गोबीत पुन्हा पुन्हा उतरला. १९२३ साली त्याच्या माणसांना डायनोसॉरची अंडी सापडली. त्यांतले एक अंडे अमेरिकेत लिलावात पाच हजार डॉलरला गेले, तेव्हा तिकडच्या लोकांना वाटू लागले की हे गृहस्थ आपल्या वाळवंटातून सोने उपसून नेत आहेत. त्यांना दोष कसा द्यावा? मंगोलविद्येची उभारणी अशा गाड्यांवर झाली. पीटर्सबर्ग, पॅरिस, न्यूयॉर्क येथे बसून मंगोलांविषयी जे लिहिले गेले ते थोर आहे. परंतु मंगोल मेंढपाळाला त्याचा पत्ता नव्हता.

आपल्याकडेही एक उदाहरण आहे, आणि ते बऱ्याच निराळ्या जातीचे. फाळणीच्या आधी लाहोरहून आपली सरस्वती विहार ही संस्था नागपूरला आणणारे डॉ. रघुवीर मराठी वाचकाला मुख्यतः अवघड हिंदी पारिभाषिक शब्दांचे जनक म्हणून ठाऊक आहेत. ते मंगोलियात गेले आणि १९५६ ते १९५८ या काळात मंगोल कंजुर या प्रचंड बौद्ध ग्रंथसंग्रहाची सूक्ष्मचित्रे भारतात घेऊन आले. मूळ पोथ्या तेथेच राहिल्या, आली ती त्यांची चित्रे. पुढे सत्तरीच्या दशकात त्यांचे चिरंजीव लोकेशचंद्र यांनी त्यांचे १०८ खंड दिल्लीत छापले. पोथी जागेवर ठेवून विद्या आणता येते, हे तेवढ्यापुरते तरी सिद्ध झाले.

सांकलियांचे पहिले नावाजलेले कामही नावाने मोहीमच होते. १९४१-४२ची ती गुजरातची प्रागैतिहासिक मोहीम. डेक्कन कॉलेज १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून नव्याने सुरू झाले होते आणि हा मुंबईत जन्मलेला गुजराती गृहस्थ पुण्यात येऊन बसला होता. तो जन्मभर बसला. लांघणजच्या मानवी अवशेषांसाठी त्यांच्याबरोबर इरावतीबाई कर्वेही गेल्या होत्या. मग १९५०-५१ साली संगमनेर तालुक्यातले प्रवरेकाठचे जोर्वे, १९५४ पासून नेवासे, त्यानंतर चांडोली. एका वस्तीत खोल चर घ्यावा, थरांचा क्रम लावावा, अहवाल लिहावा आणि पुढे जावे, अशी ती चाल. या चालीतूनच महाराष्ट्राचा ताम्रपाषाणकाळ उजेडात आला. तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेली ती खापरे जोर्व्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. पणत्या घेताना आपल्या बायका टिचकी मारून आवाज पाहतात; जोर्व्याच्या भांड्याला अशी टिचकी मारली तर ते धातूसारखे खणकते, असे जाणकार सांगतात. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराला यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्रक कोणते हवे?

इनामगावात मात्र चाल बदलली. १९६८ साली सुरू झालेले काम १९८३ पर्यंत चालले; बारा हंगाम ही माणसे त्याच पांढरीवर येत राहिली. चर खोल घेण्याऐवजी टेकाड आडवे उघडत न्यावे, म्हणजे एक घर नव्हे तर शेजारपाजार दिसेल, बोळ दिसतील, कोण कोणाच्या शेजारी राहत होते ते कळेल, असा हेतू होता. येथे सोय अशी की ताम्रपाषाणकाळानंतर या मुख्य टेकाडावर पुन्हा गाव बसले नाही. वरचे काही न मोडता खालचे उघडता आले. शंभराहून अधिक घरे अशी उघडी झाली. दौंड तालुक्यात वाळकीला, भीमा आणि मुळा-मुठेच्या संगमापाशी, याच काळची एक लहान वस्ती खोदली गेली. मोठ्या गावाबरोबर वाडी पाहावी तशी ती पाहायची. माझ्या मते या अहवालाचे खरे थोरपण या ठाण मांडण्यात आहे. पाहुण्याला ओसरी दिसते. स्वयंपाकघर दिसायला मुक्काम लागतो.

आणि स्वयंपाकघर खरोखरच दिसते. काजळे यांनी जळक्या दाण्यांचा अभ्यास केला, थॉमस यांनी जनावरांच्या हाडांचा. जव हे मुख्य पीक. शिवाय गहू, तांदूळ, डाळी, वाटाणा, तीळ. बोरे, आवळे, जांभळे. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, डुकरे. शिकारीत सांबर, चितळ, काळवीट, ससा. नदीतले मासे, खेकडे, कासव, मगरसुद्धा. हाडांवर सुरीच्या खुणा आहेत, म्हणजे ही यादी बरीचशी ताटातली आहे. घोडनदीच्या काठी मगर खाल्ली जात होती हे वाचून आमच्या घरी दोन दिवस चर्चा चालली होती. नदीच्या पाण्याला वळवून नेणारा पाट आणि त्याला धरून बांध असावा, असेही खोदणाऱ्यांना दिसले. आज तेथे पाटाच्या पाळीवरून जी भांडणे होतात त्यांना फार जुनी परंपरा असेल, असे म्हणायचा मोह होतो. पण तो आवरलेला बरा, कारण याच मोहाविषयी मला पुढे बोलायचे आहे.

एका घराच्या कोपऱ्यात, जमिनीखाली, मातीची लांबट डबी सापडली. आत कच्च्या मातीची एक स्त्रीमूर्ती, तिला शिर नाही. डबीवर आणखी एक स्त्रीमूर्ती आणि एक बैल. बैलाच्या पाठीला भोक, मूर्तीला भोक, मधे काडी घातली की देवी बैलावर बसते. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. भाजलेली नाही, म्हणजे टिकवायची नव्हती. कोणत्या तरी व्रताला केली, पुजली आणि जमिनीत ठेवून दिली. नवरात्रात आपण घटाभोवती माती घालून धान्य पेरतो आणि दसऱ्याला ते उगवलेले डोक्यात खोवून घट हलवतो; पाडव्याला अंगणात शेणाचे गोकूळ करतो आणि दुसऱ्या दिवशी ते तसेच वाळू देतो. मोडण्यासाठी देव करायचा, ही आपल्या बायकांची फार जुनी कला. मुंडविहीन देवीचा माग पुढे रा. चिं. ढेऱ्यांनी 'लज्जागौरी'त दूरवर काढला आहे. दामोदर कोसंबी १९६६ साली वारले, ही डबी त्यांना पाहायला मिळाली नाही. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवून शेंदराच्या तांदळ्यांतून जुन्या माता शोधणाऱ्या त्या माणसाने या काडीवरच्या देवीविषयी काय लिहिले असते, याची मला नेहमी हुरहूर वाटते.

आता नायकाकडे येऊ. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर निघाले. तेथल्या मोठ्यात मोठ्या घरांपैकी ते एक, आणि त्यालाच लागून धान्याचे कोठार. त्याच्या अंगणात चार पायांचा एक मोठा मातीचा रांजण पुरलेला होता आणि रांजणात एक प्रौढ पुरुष मांडी घालून बसवलेला. इनामगावची इतर मोठी माणसे जमिनीत उताणी निजवलेली आहेत, डोके उत्तरेला. आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले. मेलेला चालत परत येऊ नये म्हणून, असा अर्थ लावतात. भुताचे पाय उलटे असतात असे लहानपणी ऐकलेल्या वाचकाला तो पटायला जड जाणार नाही. रांजणातल्या पुरुषाचे पाय मात्र शाबूत होते. अहवाल म्हणतो, हा गावाचा प्रमुख. आपण त्याला पाटील म्हणू.

एकदा पाटील सापडला की पुढचे भराभर उभे राहते. कोठार पाटलाच्या घराशेजारी, म्हणजे धान्य त्याच्याकडे जमा होई. जमा होई म्हणजे गाव सारा देई. सारा देई म्हणजे तो अडीअडचणीला वाटतही असेल. मध्यभागी सधन शेतकऱ्यांची घरे, पश्चिमेच्या कडेला कुंभार, चुना करणारा, हस्तिदंतावर काम करणारा. म्हणजे समाजात पायऱ्या होत्या. पाहता पाहता गावगाडा तयार होतो आणि तो इतका ओळखीचा असतो की त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' वाचलेल्या माणसाला आपण आपल्याच आजोळी आलो की काय असे वाटावे.

मला नेमकी याच ओळखीची भीती वाटते. साखळीची एकेक कडी स्वतंत्रपणे पाहिली तर शक्यतेतली आहे. पण सगळी साखळी एका खुंटीवर टांगलेली आहे आणि ती खुंटी म्हणजे एक रांजण. हाच सांगाडा मराठी माणसाला न सांगता दाखवा आणि विचारा, हा बसवून पुरलेला, पाय न तोडलेला, मांडी घातलेला पुरुष कोण? तो पाटील म्हणणार नाही. तो म्हणेल, ही समाधी दिसते. आपल्याकडे बसवून पुरतात ते गोसाव्याला, नाथपंथी जोग्याला, लिंगायताला; पाटलाला सरणावर निजवतात. तीन हजार वर्षांपूर्वी गोसावी होते असे मी म्हणत नाही, तो वेडेपणा होईल. मी एवढेच म्हणतो की निराळ्या रीतीने पुरलेला माणूस निराळा असतो, पण वरचाच असतो असे नाही. तो मांत्रिक असू शकेल. ज्याचे भय बाळगावे असा कोणी असू शकेल. विचित्र रीतीने मेलेला असू शकेल. अहवालाच्या मांडणीत मात्र एकदा 'प्रमुख' आला की इतर उमेदवार सभेतून उठून जातात. साध्या कादंबरीत लेखकाने असे केले असते तर आम्ही टीकाकारांनी त्याला सोडले नसते.

हा रांजण पुढे फार दूर गेला. २००६ सालापासून बरीच वर्षे देशभर सहावीच्या वर्गांत शिकवल्या गेलेल्या केंद्रीय इतिहासाच्या पुस्तकात तो होता, आणि शेजारी मुलांना प्रश्न होता: हा प्रमुखाचा देह असेल असे तुम्हांला वाटते का? मला या प्रश्नाचे कौतुक वाटते. विद्वानांच्या ग्रंथात जे विधान होते, त्याला मुलांच्या पुस्तकात प्रश्नचिन्ह लागले.

माझ्या हाती हा अहवाल असता तर मी नायक बदलला असता. इनामगावात दोनशेंहून अधिक पुरणे सापडली आणि त्यांत बहुसंख्य मुलांची आहेत. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावलेली. आत तान्हे मूल. जवळ तोटीचे एखादे भांडे, एखादा वाडगा. आणि हे कोठे? गावाबाहेर नव्हे, घरात, राहत्या जमिनीखाली. वर चूल पेटत होती, सारवण होत होते, पुढचे मूल रांगत होते. अहवालात याची कोष्टके आहेत. क्रमांक, दिशा, मडक्याचा प्रकार, अंदाजे वय. महिन्यांत मोजलेली वये. कोष्टकात लेखकाला भाष्य करायला जागा नसते, म्हणून असेल, पण सगळ्या ग्रंथात मला ही पाने सर्वांत खरी वाटली. येथे कोणी कोणाला पाटील केलेले नाही. फक्त एक रीत पुन्हा पुन्हा, शेकडो वर्षे, जवळपास न बदलता केलेली दिसते. आणि ती करणारे हात बायकांचे होते की पुरुषांचे, हेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही.

शेवटाविषयीही थोडे बोलले पाहिजे. इ. स. पूर्व १६००च्या सुमारास वसलेले हे गाव इ. स. पूर्व १४०० ते १००० या काळात भरभराटीला आले. त्यानंतर चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, भांडी निकृष्ट झाली, शेळ्या-मेंढ्यांचा आणि शिकारीचा भाग वाढला, आणि इ. स. पूर्व ७००च्या सुमारास गाव उठले. ढवळीकरांचे उत्तर असे की हवामान कोरडे होत गेले, शेती पिकेना, माणसे अर्धवट भटकी झाली. उत्तर जोरकस आहे आणि त्यांनी ते सफाईने मांडले आहे. पण मला एक गोष्ट विसरता येत नाही. हे उत्खनन चालू असतानाच १९७२चा दुष्काळ पडला. शिरूर आणि दौंडची माणसे खडी फोडायला रस्त्यावर आली, सुकडी खाऊन राहिली, जनावरे विकली गेली. डोळ्यांसमोर हे चालले असताना खड्ड्यातल्या गोल झोपडीकडे पाहणाऱ्याला दुष्काळ दिसला नसता तरच नवल. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. वाङ्‌मयाच्या अभ्यासकाला मात्र असा तर्क करण्याची सवय असते. लेखक ज्या वर्षी लिहितो ते वर्ष त्याच्या पानांत उतरते.

हाडांनी पुढे आपली साक्ष दिली. ल्यूकॅच आणि वाळिंबे यांनी इनामगावकरांच्या दातांचा आणि सांगाड्यांचा अभ्यास केला. २०११ साली ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन विदुषीने नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथल्या त्याच मडक्यांतल्या मुलांवर ग्रंथ लिहिला. अखेरच्या काळातल्या मुलांची वाढ खुंटल्याच्या खुणा तिला दिसल्या. पण म्हणून दुष्काळाने गाव बुडाले हे तिने जसेच्या तसे स्वीकारले नाही, हवामानाचा प्रश्नच तिने पुन्हा उघडला. पाहा, ज्या पानांना मी सर्वांत खरी म्हटले त्याच पानांतून नवा वाद निघाला. पाटलाच्या रांजणातून तसा निघणे कठीण, कारण त्याचे उत्तर आधीच ठरलेले आहे.

मग तक्रार काय? तक्रार अशी की हा वाद मराठीत होऊ शकत नाही. अहवाल इंग्रजीत, दातांचा अभ्यास इंग्रजीत, शुगबाईंचा ग्रंथ इंग्रजीत. मराठी वाचकापर्यंत पोचतो तो सारांश. सांकलिया आणि म. श्री. माटे यांनी संपादित केलेले 'महाराष्ट्रातील पुरातत्त्व' १९७६ साली राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढले, ते उपयुक्त होते. पण तेव्हा खोदकाम अर्ध्यावर होते. ढवळीकरांनी आयुष्याच्या उत्तरार्धात मराठीत लिहिण्याचे मनावर घेतले. 'महाराष्ट्राची कुळकथा' वाचकांनी डोक्यावर घेतली आणि ते योग्यच झाले. विद्वानाने आपल्या भाषेत परत येऊन लिहावे, हे आपल्याकडे इतके विरळा आहे की त्याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. २०१८ साली ते गेले, तोवर लिहीतच होते. परंतु कुळकथा ही कुळकथा असते. ती निष्कर्ष देते. निष्कर्षाशी भांडायला जी कोष्टके लागतात ती तिच्यात कशी मावणार?

मंगोलांनी या बाबतीत काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांचा तेराव्या शतकातला 'गुप्त इतिहास' चिनी अक्षरांत लिहून ठेवलेल्या रूपात तरला. त्याची रशियन ओळख १८६६ साली पॅलेडियस या पाद्र्याने करून दिली. हेनिशने जर्मन केले, कोझिनने रशियन, पेल्योचे फ्रेंच त्याच्या मृत्यूनंतर १९४९ साली निघाले. हे सारे पंडित मंगोलांच्या घरच्या गोष्टीवर आपसांत वाद घालीत होते. १९४७ साली दामदिनसुरेन या मंगोल लेखकाने तो ग्रंथ आजच्या मंगोल भाषेत आणला. सारांश करून नव्हे, सबंध. १९२१ साली तेथे स्थापन झालेल्या छोट्याशा विद्वत्समितीची १९६१ साली विज्ञान अकादमी झाली, पण सामान्य मंगोल घरात पूर्वजांची गोष्ट शिरली ती दामदिनसुरेनच्या गद्यातून. त्यानंतर त्या गोष्टीतले कोणते वाक्य कोणी चुकीचे लावले हे सांगण्याचा हक्क उलानबाटरच्या शाळामास्तरालाही मिळाला.

आमच्या शिरूरच्या शाळामास्तराला इनामगावविषयी तो हक्क नाही. त्याला अभिमान आहे. तो मुलांना सहलीला टेकाडावर घेऊन जातो, 'येथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा राजा सापडला' असे सांगतो. पाटलाचा राजा व्हायला फारसा वेळ लागत नाही. टेकाडावर आज पाहण्यासारखे थोडे उरले आहे. खड्डे बुजले आहेत, आणि जे निघाले ते बहुतेक पुण्याला डेक्कन कॉलेजात आहे. ते तेथे नीट सांभाळले गेले आहे, याबद्दल माझे भांडण नाही. शेतात राहिले असते तर खत झाले असते. पण भांडी तिकडे आणि भाषाही तिकडची, म्हणजे शिरूरकडे उरले काय?

सबंध अहवाल मराठीत आणा असे मी म्हटले तर प्रकाशक मला दारात उभे करणार नाहीत. तेव्हा थोडक्यात मागतो. तीन प्रकरणे आणा: घरांचे, धान्याचे आणि पुरणांचे. कोष्टके तशीच ठेवा, आकड्यांना भाषांतर लागत नाही. रेखाचित्रे आहेत तीच चालतील. शुगबाईंचे निष्कर्ष जोडा, आणि त्यांना मान्य नसलेले ढवळीकरांचे म्हणणेही शेजारी ठेवा. भाषांतर करणारा माणूस शक्यतो घोडनदीच्या काठचा पाहा, कारण 'पांढरी', 'सारवण', 'बळद', 'कणगी' हे शब्द त्याला कोशात शोधावे लागणार नाहीत. आणि सुरुवात रांजणापासून करू नका. सुरुवात त्या तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांपासून करा. त्यांचे चित्र पहिल्या पानावर घाला, खाली खोलीचा क्रमांक आणि मुलाचे अंदाजे वय.